परळी पॅसेंजरमधली फारसी

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, गाळप हंगाम संपल्यावर, मी माजलगाव भागातला साखर कारखाना सोडून इराणला गेलो. मी सेंट्रीफ्यूगलचा फिटर होतो. पाकातून साखर वेगळी करणारं, गरगर फिरणारं ते मशीन. तिकडच्या कारखान्यात तीच मशीन बसवायची होती.

मला तिकडं पाठवणाऱ्या कंपनीचा मॅनेजर म्हणाला, "तेहरानपासून अहवाजपर्यंत रेल्वेनं एकटे जायचं. माणूस अहवाजला भेटेल. ठरल्या दिवशी हजर नसाल तर परतीचं तिकीट."

हाताशी महिना होता. अंबाजोगाईला निजामाच्या काळात फारसी शिकलेले एक निवृत्त सर होते. त्यांच्याकडं गेलो.

"दरवाजा, चादर, गरम, जमीन," सर म्हणाले. "निम्मी फारसी तू घरूनच आणलीस."

"अन् रेल्वेची, सर?"

"ती मलाबी येत न्हाई. आमच्या शाळंत शायरी होती, स्टेशन नव्हतं."

पुण्यात शिकणाऱ्या एका इराणी मुलाला पत्र टाकून त्यांनी रेल्वेचे शब्द मागवले. कतार म्हणजे गाडी. ईस्तगाह, स्टेशन. बिलीत, तिकीट. कुजा, कुठे.

दर रविवारी आम्ही घाटनांदूरहून परळीची पॅसेंजर धरायचो. गाडी थांबली की सर फारसीत विचारायचे, हे कुठलं स्टेशन? मी फारसीत सांगायचो.

समोरच्या एका शेतकऱ्यानं विचारलं, "मास्तर, हे कावून असं बोलायलेत?"

"इराणला चाललाय."

"मंग परळीला उतरू नका म्हणावं. लई लांब जायचंय."

परळीला डबा रिकामा झाला. सर म्हणाले, "सगळे उतरले की आपणबी उतरायचं." तेही मी वहीत लिहून घेतलं.

तेहरानहून गाडी दुपारी सुटली. संध्याकाळी एका स्टेशनवर थांबली आणि अख्खा डबा उतरला. मी वळकटी आणि हत्यारांची पेटी उचलून मागोमाग उतरलो. लोक घाईनं एका इमारतीकडं निघाले होते. सामान कुणाच्याच हातात नव्हतं.

एका म्हाताऱ्याला थांबवून विचारलं, "आगा, ईन्जा अहवाज अस्त?" साहेब, हे अहवाज आहे का?

त्यानं माझ्या पेटीकडं पाहिलं. "ना आगा. नमाज."

हा शब्द मला बीडमध्येच येत होता. पेटी परत डब्यात चढवायला त्यानं एक हात लावला आणि मग तो नमाजला गेला. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस मला अहवाजच्या प्लॅटफॉर्मवर भेटला.

हे सगळं मी सरांना पत्रानं कळवलं. पुढच्या हंगामानंतर आमच्या कारखान्यातून दुसरा फिटर गेला. सरांनी त्याला दिलेल्या यादीत पहिला शब्द नमाज होता.