आते आधी पाय बघायची

आते गरोदर बाईच्या पोटाकडे आधी कधीच बघत नसे. ती पायांकडे बघायची. दारात एखादी पोटुशी पोर येऊन उभी राहिली, की "ये" म्हणायच्या आधीच तिची नजर खाली जाई. मग घोट्यावर अंगठा दाबून ती खड्डा किती वेळ राहतो ते पाही, आणि त्यानंतरच विचारी, "सकाळी काय खाल्लंस?"

चिंचणीला आमच्या आळीतली ती सुईण. नात्याने ती कुणाचीच आत्या नव्हती, पण लहानमोठे सगळे तिला आतेच म्हणत. माझ्या आईचं बाळंतपण तिनेच केलं, म्हणजे मला पहिला हात लागला तो तिचाच. पुढे तिने सरकारी दाईचं प्रशिक्षण घेतलं, आणि गेली कित्येक वर्षं तर घरी बाळंतपण करणं तिने सोडूनच दिलं होतं. "आता माझं काम बायांना तयार करायचं. बाकी दवाखान्याचं," असं ती सांगायची.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बोईसरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी करते आणि लग्नानंतर सरावलीत राहते. पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी आले, तेव्हा बोंबील वाळत घालता घालता माझी काकी आईला म्हणाली, "शिकलेल्या पोरी या, यांना कळा कुठल्या सोसतात? सरळ पोट कापून घेतात." ती हसतच म्हणाली, पण ते मला लागलं. त्या दिवसापासून मी ठरवलं, बाळंतपण नैसर्गिकच व्हायला हवं. ते मला बाळासाठी हवं होतं, आणि खरं सांगायचं तर काकीसाठीही.

आतेने दुसऱ्याच दिवशी मला कामाला लावलं. सकाळी ओल्या वाळूतून चालायचं. घरी आल्यावर उकिडवं बसून जवळा निवडायचा. लोहाच्या गोळ्या तिच्यासमोर गिळायच्या. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून आमच्या दारामागे रुग्णवाहिकेचा नंबर तिने माझ्याकडूनच कोळशाने लिहून घेतला. "मोठं लिव. तुझ्या आयशीला चष्मा सापडायच्या आधी दिसला पायजे." नववा महिना लागला तशी तिने घरातली सगळी कुलपं काढायला लावली. बाळंतिणीच्या घरात काही बंद राहू नये, असा आमच्याकडे रिवाज आहे. वडील कपाटाच्या कुलपासाठी कुरकुरले, तर म्हणाली, "काढ रे. कपाटात तुझ्या हाय काय, दोन लुंग्या."

तिची खरी शिकवणी संध्याकाळी, दिवा लावल्यावर. आपल्या नवऱ्याच्या जुन्या जाळ्याचा गुंता ती माझ्या मांडीवर टाकी. रोज एक गाठ सोडवायची, तीही श्वास सोडत सोडत. "दम धरलास की गाठ आवळते. कळेचं पण तसंच हाय." मी रसायनशास्त्र शिकलेली, प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायची मला सवय.

"आते, याने नेमकं काय होतं?"

"ते मला काय म्हाईत? होतं, ते बघितलंय."

गाठ सुटली की ती समुद्राच्या दिशेला हात जोडी आणि माझ्या पोटाशी बोले, "घाई नाय हां. तुझी वेळ झाली की ये. आमी वाट मोकळी ठेवलीय." हे ऐकताना मला खरोखर शांत वाटायचं. इतकी शांतता मला परीक्षेच्या आदल्या दिवशी मिळाली असती, तर माझे गुण वाढले असते.

नववा अर्धा सरला आणि माझे पैंजण घोट्यात रुतायला लागले. डोकंही दुखत होतं. सूज म्हणजे रक्तदाब, रक्तदाब म्हणजे दवाखाना आणि दवाखाना म्हणजे कापणं, हे गणित मी मनाशी मांडलं आणि गप्प बसले. दोन दिवस झोप येते असं सांगून आतेला टाळलं. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच आली. मी पायांत मोजे घातले होते. चिंचणीत, मे महिन्यात.

"थंडी वाजते?" आतेने विचारलं.

"थोडी."

ती गुडघ्यावर हात टेकत खाली बसली आणि तिने माझे मोजे स्वतःच ओढून काढले. अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेचना. ती रागावली नाही. फक्त विचारलं, "डोळ्यापुढे काजवे चमकतात?" मी मान हलवून हो म्हटलं. तिने आईला हाक मारली, "दारामागचा नंबर लाव."

मला रडू आलं. "आते, मला कापून नाही घ्यायचं. तूच तर शिकवलंस सगळं."

"वाट मोकळी ठेवायला शिकवलं मी. हट्ट धरायला नाय शिकवलं."

पालघरच्या रुग्णालयात रक्तदाब मोजल्यावर डॉक्टर म्हणाले, आता थांबणं बाळाला आणि आईला दोघांनाही धोक्याचं आहे. पाठीत भुलीची सुई देताना नर्सने सांगितलं, अजिबात हलू नका. मी श्वास सोडला, आणि माझी बोटं आपोआप गाठ सोडवायला लागली. मुलगी रडली तेव्हाही बोटं चालूच होती.

तिसऱ्या दिवशी आते एसटीने आली, सोबत काकी. मी भिंतीकडे तोंड केलं. आतेने पायथ्याकडची चादर उचलली, अंगठा दाबला, म्हणाली, "उतरली." मगच बाळाला हातात घेतलं.

"आते, मला नाही जमलं."

"दर्यात जाळं खडकाला अडकलं, तर तुझा आजा काय करायचा?"

"दोर कापायचा."

"आन मग किनाऱ्यावर येऊन तोंड लपवायचा?"

मला हसू फुटलं आणि टाके ताणले. "हसू नको," ती म्हणाली, आणि काकीकडे वळली. "तू बघतेस काय? पेज दे तिला. तू कळा सोसल्यास, हिने सुया सोसल्यात." काकीने डब्याचं झाकण काढलं आणि पहिला चमचा स्वतः फुंकर घालून मला भरवला.

गेल्या वर्षी आते गेली. तिच्या सुनेने तो जाळ्याचा गुंता मला दिला. अजून अर्धाअधिक तसाच आहे.

परवा सरावलीत आमच्या शेजारी नव्याने राहायला आलेली बाई दारात आली. तिचा नवरा कारखान्यात कामाला आहे, आणि तिला सातवा महिना. ती काहीतरी मागायला आली होती, पण मध्येच थांबली.

"दीदी, पैर क्यों देख रही हो?"

मी तिला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं आणि तिच्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा लगेच भरून आला. मग मी विचारलं, "सुबह क्या खाया?"