गडव्याखालची दुपार

"आधी आडवा हो. रडगाणं मागून."

शेजारच्या मामींचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की बायकोचं 'जेवायला चला'सुद्धा तितक्यांदा ऐकलं नसेल. आमच्या बाळापूरकडं पोटात कालवायला लागलं, अन्न नकोसं झालं, की 'बेंबी सरकली' म्हणतात. मामी ती बसवायच्या. सतरंजीवर उताणं निजवायच्या, दोन्ही पायांचे अंगठे जुळवून बघायच्या, बेंबीवर कणकेचा इवलासा दिवा ठेवायच्या आणि त्यावर पितळी गडवा, म्हणजे तांब्या, पालथा घालायच्या. दिवा विझला की गडवा पोटाला घट्ट चिकटून बसायचा. तो सुटेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. फोन बाहेर ओसरीवर.

गडवा निघाला की विचारायच्या, "हं, सांग आता. घरात काय झालं?"

बेंबी खरंच सरकते का, मला आजही ठाऊक नाही. डॉक्टर हसतात. पण तुम्हीच आठवून बघा, भर दुपारी तुम्हाला कुणी गप्प निजवलं आणि मग सगळं ऐकून घेतलं, असं शेवटचं कधी झालं होतं?

मी त्यांचं कायमचं गिऱ्हाईक. साडूकडं जायचं ठरलं की माझं पोट बिघडायचं. मुलीच्या बारावीच्या निकालाला मुलगी पोहे खात होती आणि बाप गडव्याखाली होता.

"परीक्षा पोरीनं दिली, तू काहून दात आवळून राहिला?" मामी म्हणाल्या. "खांदे बघ, कानाला टेकले. सोड की खाली."

सोडल्यावर मला कळलं, की ते वर होते.

पण सगळ्यांनाच त्या निजवायच्या नाहीत. एकदा एक जण छाती धरून आला. मामींनी दिवा बाजूला सारला. "हे माझं काम न्हाई. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या." तो माणूस आज मजेत हिंडतो आहे.

मामींचे मालक, म्हणजे आमचे मामा, जन्मभर मेंढरांमागं फिरलेले. म्हातारपणी मेंढरं विकली आणि हळूहळू ती विकल्याचं मामांच्या डोक्यातून निघून गेलं. दार उघडं दिसलं की काठी घेऊन कळप शोधायला निघायचे. एकदा मोठ्या रस्त्यावर ट्रकांच्या मधोमध हाळ्या देत उभे सापडले.

तेव्हापासून मामींचे हात कुणाच्याही पोटावर असोत, कान दाराच्या कडीकडं असायचे. भाकरी थापताना जबडा आवळलेला. ताटातली अर्धी भाकरी तशीच. येता-जाता एक हात पोटावर.

"मामी, तुमचीच बेंबी सरकली वाटतं," एके दिवशी बायको म्हणाली.

"सरकली असंल. पर मी आडवी झाले अन् ह्यो उठून गेला, तर? पोटावर गडवा घेऊन पळू का मी?"

त्या हसल्या. बायको हसली नाही. मामींचं बघून बघून तिलाही ते काम जमायला लागलं होतं. तिनं सतरंजी अंथरली आणि मला हुकूम सोडला, "अहो, तुम्ही दारात बसा. मामांना जाऊ देऊ नका."

उभ्या संसारात बायकोनं माझ्यावर टाकलेलं हे पहिलं जबाबदारीचं काम. मी दार अडवून बसलो. मामा आले, शेजारी टेकले आणि मेंढा पारखावा तसा माझ्या पाठीवरून, कमरेवरून हात फिरवू लागले. नीट चाचपून झाल्यावर मोठ्यानं म्हणाले, "मांस कमी, चरबी लई. बाजारात उभं करायची बी लाज."

आतून बायकोचं हसू ऐकू आलं. मामींचंही.

गडवा निघाल्यावर बायकोनं रीतीप्रमाणं विचारलं, "हं मामी, सांगा आता. काय झालं?"

मामी झोपल्या होत्या. तोंड जरासं उघडं, मुठी सुटलेल्या. आम्ही उठवलं नाही. ऊन कलेपर्यंत मी दारात बसून माझी पारख करून घेत होतो.

पुढं आठवड्यातून एक दुपार आम्ही त्यांच्याकडं जायला लागलो. मामींना दवाखान्यातही नेलं. बीपी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, ताण घेऊ नका.

"जसं काय मी बाजारातून इकत आणून राहिले," बाहेर येऊन मामी म्हणाल्या.

कुरुंद्याला दिलेल्या त्यांच्या लेकीनं मामांना काही दिवस घेऊन जाते म्हटलं, तर मामी ऐकेनात. "तिथली वाट त्याला ठावी न्हाई. माझ्या जिवाला तिकडं जास्ती घोर." मग आमची ती एक दुपार सोडली, तर सगळे दिवस, सगळ्या रात्री, त्यांचा कान कडीवरच राहिला.

पोळ्याच्या आधी एका सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या मामी गेल्या.

अंगणात माणसं जमली. लेक आली. दार सताड उघडं होतं, लोकांची ये-जा चालली होती. मामा काठी घेऊन उभे राहिले. मी घाईनं जाऊन त्यांचा दंड धरला. त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला, काठी भिंतीला टेकवली आणि मामींच्या उशाशी जाऊन बसले. उघड्या दाराकडं एकदा बघितलं.

"आज न्हाई जात," ते मला म्हणाले. "हिला बरं न्हाई."