गार इंजिन आणि न छापलेलं पत्रक

थंडीच्या सकाळी आमची गाडी सुरू व्हायची आणि कामतघरच्या नाक्यापर्यंत दोनदा बंद पडायची. इंजिन तापलं की काही तक्रार नसायची. पंपवाला पेट्रोलमध्ये भेसळ करतो, असं मी दोन दिवसांत ठरवून टाकलं. आमच्या घरात अन्याय दिसला की पत्रक निघतं. तसं मी लिहूनही काढलं आणि पंपाचं नाव ठळक अक्षरांत घालून छापखान्यात देऊन आले.

वडील म्हणाले, "आधी गाडी तर दाखव."

आमचे मेकॅनिक चाचा म्हणाले, "तू गाडी चालवत आणतेस, म्हणजे इंजिन गरमच असतं. दोष दिसणार कसा? रात्रभर इथेच ठेव."

सकाळी त्यांनी माझ्यासमोर गाडी सुरू केली आणि ती लगेच बंद पडली. इंजिन हाताला गार लागत होतं, पण जोडलेल्या स्कॅनरवर तापमान नव्वद दिसत होतं.

"सेन्सर झूठ बोलतोय, बेटा. गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, पण हा इंजिन गरम आहे असं सांगतो, म्हणून कमी सुटतं."

"आणि भेसळ?"

"मीपण तिथूनच भरतो. झगड्यासाठी दुसरा कोणी शोध."

नवा सेन्सर बसवल्यावर गार इंजिन एकसारखं चालू राहिलं. मी तिथूनच छापखान्यात फोन लावला.

"ताई, कागद आत्ताच मशीनवर चढवतोय," तिकडून आवाज आला.

"उतरवा," मी म्हटलं, आणि चाचांच्या स्टुलावर बसून घेतलं. एका निर्दोष माणसाची बदनामी माझ्या हातून थोडक्यात टळली होती.