मागच्या सीटवरचं छत

बायकोच्या, फुमिएच्या, अस्थींचं मडकं पांढऱ्या कापडात बांधून कियोशी नारुसे मांडीवर घेऊन बसला होता. पुढे मेव्हणा गाडी चालवत होता. मागे त्याच्या शेजारी सासूबाई तोमे, काळ्या किमोनोत. स्मशानातून निघाल्यापासून त्यांची मान खालीच होती. रडत असतील, असं नारुसेला वाटलं. त्याला स्वतःला रडू येत नव्हतं. मडकं अजून कोमट आहे, एवढंच कळत होतं.

"आई, जरा मागे टेका ना."

"कशी टेकू? पाठीला कमरपट्ट्याची गाठ आहे."

"मान तरी वर करा."

"छत लागतं, कियोशीसान. केस चेपतात." त्यांचे डोळे कोरडे होते. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुमच्याच कारखान्याची ना ही? फुमिए सांगायची, छताचं काम तुमच्याकडे असतं."

"हो."

"आई, गाडी परत करायला लावतेस का आता त्यांना?" मेव्हणा म्हणाला. कुणी हसलं नाही.

नारुसे अर्धं आयुष्य घरगुती गाड्यांचे आराखडे करत आला होता. मागची जागा मोजायला कारखान्यात एक लाकडी माणूस होता, पाठ आरामात टेकलेला. त्याच्या डोक्यावर मूठभर जागा उरली की छत पास. पाठीवर गाठ असलेली बाई टेकू शकत नाही, ताठ बसते, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सगळ्यांच्या घरी आया-बायका लग्नकार्याला किमोनो नेसत. फुमिएही नेसायची. गाडीतून उतरली की आधी केस चाचपायची. नारुसेला तो नट्टापट्टा वाटायचा.

सुतक संपवून तो कामावर आला, तेव्हा नव्या गाडीचा मातीचा नमुना तयार होता. छत आणखी बोटभर खाली आलं होतं. त्याने मंजुरी दिली की तो साचे बनवायला जाणार, आणि पुढची कित्येक वर्षं ते छत कुणालाही हलवता येणार नव्हतं.

"सही कर आणि घरी जा," विभागप्रमुख इगाराशी म्हणाले. "चेहरा बघ तुझा."

"छत वर घ्यायला हवं, साहेब."

"टॅक्सी करायची आहे का हिची? सध्या लोकांना बसकी गाडी हवी."

"किमोनो नेसलेल्या बाईला या छताखाली ताठ बसता येत नाही."

"वर्षातून दोनदा नेसतात रे."

"त्या दोन वेळांसाठीच घरात गाडी घेतात. लग्न असतं, नाही तर मयत."

नारुसेने खुर्चीवरची उशी काढली, लाकडी माणसाच्या पाठीला दोरीने बांधली आणि त्याला बैठकीच्या लाकडी सांगाड्यात बसवलं. डोकं छताच्या फळीवर आपटलं. आवाज लहानसाच होता. इगाराशींनी वाकून त्या डोक्याकडे पाहिलं.

"माझी आई पण मान वाकवूनच बसते," ते म्हणाले. "मला वाटायचं, म्हातारपण."

छत वर गेलं. विक्रीखात्याने नाकं मुरडली. गाडी बेताचीच खपली.

तिसऱ्या वर्षीच्या श्राद्धाला नारुसे नवी गाडी घेऊन सासूबाईंना आणायला गेला. देवळापर्यंत त्या ताठ बसून बाहेर बघत होत्या. छताबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. उतरल्यावर सवयीने त्यांनी केस चाचपले. ते जागच्या जागी होते.

आपल्या आत काही हलेल, आता तरी रडू येईल, म्हणून नारुसे दार धरून थोडा थांबला. काही हललं नाही. त्याने दार लावलं आणि तो त्यांच्या मागून पायऱ्या चढू लागला.