उजवीकडचं बेअरिंग

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. आमच्या भुईगावात एक चिंच आहे, तिच्याखालून तिन्हीसांजेला जायला लोक घाबरतात... मी तिथेच गाडी उभी करतो. सावली चांगली असते म्हणून! या ग्रुपवरचे भुताखेतांचे किस्सेही मी चहा पिता पिता हसायला वाचायचो. तेव्हा आता तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही.

माझी बायको रोझी गेली, त्याला वर्ष होऊन गेलं. मुलगी कॅनडात — चर्चमधल्या आईच्या वर्षाच्या मिस्सालाही ती मोबाईलवरूनच हजर होती. घरात मी एकटा आणि अंगणात माझी जुनी हॅचबॅक. माणसं गुडघ्यांना तेल चोळतात त्या वयात मी गाडीला रुंद टायर, मोठी अलॉय व्हील्स लावली, सस्पेन्शन खाली घेतलं, इंजिन ट्यून करून घेतलं. नातेवाईक म्हणाले, म्हाताऱ्याला चळ लागलाय. लागू दे. संध्याकाळी दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसून दुसरीकडे बघत राहण्यापेक्षा हे बरं.

रुंद टायर आले की चाकाच्या बेअरिंगवर जास्त ताण येतो. बेअरिंग जायला लागलं की गाडी वेगात असताना घूंऽऽ असा आवाज सुरू होतो. कुठल्या चाकातून येतोय ते मात्र ड्रायव्हरला पटकन कळत नाही. आमच्याकडे ते काम रोझीचं. ती शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसायची. आवाज डावीकडचा असेल तर तिच्या बाजूच्या काचेवर टकटक करायची, उजवीकडचा असेल तर गियरवरच्या माझ्या मनगटावर दोन बोटं आपटायची. बोलायची नाही, बोलल्याने आवाज नीट ऐकू येत नाही म्हणे! आणि मी शंका घेतलीच, तर बोटं आणखी जोरात आपटून आमच्या बोलीत एक शब्द हाणायची, तो इथे लिहिता येणार नाही.

तर गेल्या हिवाळ्यात घूंऽऽ सुरू झालं. आमचा मेकॅनिक सॅव्हिओ एक चक्कर मारून आला.

"अंकल, लेफ्टचा गेलाय. पक्का."

"नक्की ना?"

"अरे, रोजचं काम आहे माझं! दुपारी आणा गाडी, खोलून टाकू."

दुपारपर्यंत वेळ होता. घरी जायचं जिवावर आलं, म्हणून हायवे ओलांडून चांदीपच्या बाजूला निघालो. तिकडे दोन्ही बाजूंना शेतं, रस्ता मोकळा. लख्ख ऊन होतं. रेडिओ बंद, काचा वर. आवाज सुरू झाला आणि सवयीने मी शेजारी बघून विचारलं, "कुठला गं?"

विचारलं आणि मलाच माझी कीव आली.

तेवढ्यात डाव्या मनगटावर दोन बोटं आपटली.

भास नाही हो... बोटांचा दाब कळला. मी गाडी कडेला घेतली. भीती अजिबात वाटली नाही. खोटं कशाला बोलू — हसू आलं, आणि मग रडू आलं.

गॅरेजवर गेल्या गेल्या सांगितलं, "उजवीकडचं बघ आधी." सॅव्हिओ कुरकुरला, पण त्याने गाडी लिफ्टवर घेतली. डावं चाक हाताने फिरवलं, एकदम गुळगुळीत. उजवं फिरवलं तर आतून खरखर... त्याने माझ्याकडे पाहिलं.

"अंकल, तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हटलं, "ऐकू आलं."

मग नवीन बेअरिंग आणायला वसईच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. शेठने काउंटरवर दोन खोकी ठेवली. मी दोन्ही बेअरिंग काढून बोटांवर फिरवली आणि परत आपापल्या खोक्यात ठेवली. माझ्या उजव्या हाताला होतं ते जड, लोण्यासारखं फिरणारं, सील चारी बाजूंनी नीट बसलेलं. डाव्या हाताचं फिरताना किंचित अडकत होतं, सीलची कडही वर आलेली.

"काका, गाडी पळवता ना? मग ते तुमच्या डावीकडचं नका घेऊ," शेठ म्हणाला. "सहा महिन्यांत आवाज करेल."

सहा महिन्यांत आवाज करेल! मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. चांगलं बसवलं तर गाडी गप्प. गाडी गप्प, तर मी विचारणार काय आणि ती सांगणार काय? मी, ज्याने आयुष्यभर एक डुप्लिकेट नट गाडीला लावला नाही, त्याच मी डावा हात पुढे केला. डावीकडच्या खोक्याला बोटं लागली...

मनगटावर पुन्हा दोन बोटं. या वेळी चांगली जोरात, शंका घेतल्यावर आपटायची तशी.

"काय झालं काका? हात का चोळताय?"

"काही नाही," मी म्हटलं. "ते उजवीकडचं द्या."

डॉक्टर मित्र म्हणतो, मनगटाची नस दबली असेल. मुलगी म्हणते, पप्पा, तुम्हाला तिची आठवण येते, बस्स. असेलही. पण मग चांदीपच्या रस्त्यावर मला उजवीकडचं कसं कळलं, आणि दुकानात दुसऱ्यांदा नेमकं तेव्हाच का, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. कुणाकडे असेल तर खाली लिहा.

मी अजूनही दर रविवारी मिस्सा झाल्यावर चांदीपपर्यंत जाऊन येतो. काचा वर, रेडिओ बंद. डावा हात गियरवरच ठेवतो. गाडी लोण्यासारखी चालते, कसलाही आवाज नाही. सॅव्हिओ खूश आहे. म्हणतो, "अंकल, असला माल घातलाय, आता कित्येक वर्षं बघायला नको!"

मी मान डोलावतो. आणि पुढच्या रविवारची वाट बघतो.