बबिता झाली ऋतुजा

उमापूरची बबिता हट्टाला पेटली की तिचा नवरा उत्तरेश्वर गपगुमान बाजूला होतो. यंदा तिचा हट्ट एकच होता, दहा वर्षांच्या ऋतुजाला बोलतं करायचं. आईबाप ऊसतोडीला गेले ते सहा महिने पोरगी आजीपाशी राहिली. चैत्रात टोळी परतली, तर ही बया साऱ्या गावाशी बोलते, फक्त आईशी न्हाई. चार महिने झाले. दृष्ट काढली, नवा फ्रॉक घेतला, काही म्हणता काही लागू पडेना.

तलवाड्याच्या शाळेत कुणी वर्षाराणीताई नाटकातून मनाचं दुखणं हलकं करायला शिकवतात असं कानावर आलं, अन् बबिता टमटमनं थेट तिथं. आता हिरॉईन होणार म्हणून उत्तरेश्वरानं चेष्टा केली. तिनं कानाआड केली.

ताईंनी समोर रिकामी खुर्ची ठेवली. लेक बसलीय असं समजून बोला म्हणाल्या. बबितानं झटकन डोक्यावर पदर घेतला अन् मान खाली घातली. घ्या आता! टोळीत खुर्ची मांडतात ती एकट्या मुकादमाला, तिच्यापुढं बाईमाणसाचं तोंड उघडेल कसं? ताई हसल्या नाहीत. खुर्ची बाजूला सारून त्यांनी गोधडी अंथरली आणि बबितालाच ऋतुजा व्हायला सांगितलं.

बबिता गोधडीवर आडवी झाली, कारण ऊसतोडीला निघताना ऋतुजा झोपलेलीच होती. लेकरं रडून पायाला मिठी मारतात म्हणून आयाबाया त्यांना न उठवताच पहाटे ट्रॅक्टरवर चढतात. सगळ्याच करतात, तिनंही केलं होतं. पण डोळे मिटून पडल्या पडल्या तिच्याच तोंडून निघालं, "मला उठवलं कावून न्हाई?" अन् ती हमसून हमसून रडली.

घरी येऊन तिनं तीच गोधडीची रीत धरली. आपण आडवी झाली आणि ऋतुजाला म्हणाली, तू आई हो. पोरगी नुसतीच बघत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. बबिता रोज आडवी व्हायची. पाचव्या दिवशी ऋतुजानं डोक्याला ओढणी बांधली, काखेत बोचकं मारलं, दारापर्यंत गेली आणि वळली.

"सोंग नको करू. तू जागी हाय, ठाव हाय मला."

बबिताला आता उमगलं. त्या पहाटे पोरगी जागी होती, झोपेचं सोंग घेऊन पडली होती! तिनं ऋतुजाला पोटाशी ओढलं.

दसऱ्यानंतर टोळी निघाली ती तासभर उशिरा. ट्रॅक्टरजवळ उभी राहून बबिता एकेका बाईला लेकरू उठवायला माघारी धाडत होती. मुकादम करवादला, गल्लीभर रडारड झाली.

"रडू द्या," बबिता म्हणाली, "पण आपल्या समोर रडू द्या."

ऋतुजाही तिच्या गळ्यात पडून पोटभर रडली.