काशीरामकाकांची पाचची गाडी

काशीराम मांडवकर एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले आहेत, ही गोष्ट त्यांना अजून कुणी नीट समजावून सांगितलेली नाही. निरोपाच्या कार्यक्रमात शाल मिळाली, नारळ मिळाला, साहेबांचं लांबलचक भाषणही झालं. आणि वर्ष उलटायच्या आत काका पुन्हा ड्युटीवर हजर! फरक एवढाच, की ह्या वेळचा डेपो त्यांच्या रत्नागिरीजवळच्या कुवारबावच्या घरात, मधल्या खोलीत, कपड्यांच्या कपाटाशेजारी होता.

त्याचं असं झालं. मुलगा विनीत नोकरीला पुण्याला गेला आणि जाताना आपला गेमिंग कॉम्प्युटर मागे ठेवून गेला. काळी पेटी, एका बाजूला काच, आत सर्कशीच्या तंबूसारखे रंग बदलणारे दिवे. विमलाकाकूंनी त्याच्यावर विणलेला रुमाल घातला आणि वर गणपतीची मूर्ती ठेवायला छान जागा मिळाली म्हणून समाधान मानलं. पण एकदा धूळ पुसता पुसता काकांनी बटण दाबलं, आणि आत बस चालवायचा गेम सापडला. क्लच, गिअर, आरसे, वायपर, सगळं जागच्या जागी. काका त्या दिवशी जेवायलासुद्धा उठले नाहीत. पुढे विनीतने वाढदिवसाला टेबलाला लावायचं स्टिअरिंग आणि पायातली पेडलं पाठवली.

"बापाला काय खेळणी पाठवतोस रे?" काकूंनी फोनवर विचारलं होतं. "एवढी वर्षं मला वाटत होतं, हा माणूस पोटासाठी गाडी चालवतो."

बरं, हा खेळ एकट्याने खेळायचा नव्हता. सावर्ड्याला नितेश म्हणून एक पोरगा आहे, त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्याने आणि त्याच्या दोस्तांनी आपल्याकडचे रस्ते त्या गेममध्ये बनवून घातले होते. रत्नागिरी स्टँड, हातखंब्याचा तिठा, पाली, लांजा, वाकेडचा घाट, थेट राजापूरचा पूल! दर रविवारी संध्याकाळी पाचला कुणी डोंबिवलीहून, कुणी दुबईहून, कानाला हेडफोन लावून ही मंडळी गेममधल्या रत्नागिरी स्टँडवर जमत आणि एकामागोमाग एक बस राजापूरला सोडत. खराखुरा एसटी ड्रायव्हर आपल्यात येतोय म्हटल्यावर त्यांनी काकांना फार आदराने घेतलं. तो आदर पहिल्या रविवारपर्यंत टिकला.

कारण कॉम्प्युटर. त्याच्या आतली जुनी हार्ड डिस्क म्हणजे आळसाचा अर्क होती. गेम सुरू केला की आतून 'घर्र, घर्र, टक' असा आवाज यायचा आणि पडद्यावरची निळी पट्टी, चिऱ्याने भरलेला ट्रक घाट चढावा तशी सरकायची. पट्टी दिसली की विमलाकाकू चहाचं आधण ठेवत. चहा उकळायचा, पिऊन व्हायचा, कप विसळून पालथे पडायचे, आणि पट्टी अजून निम्म्यावर! काका स्टँडवर प्रकट व्हायचे तेव्हा तिथे कुत्रंसुद्धा नसायचं. बाकीचे हातखंबा ओलांडून गेलेले. मग काका जिवाच्या आकांताने मागे धावायचे. त्यातही रस्ता वेळेवर येईल तर शपथ. एकदा लांज्याची अख्खी बाजारपेठ काका तिच्यातून पार गेल्यावर उगवली.

"काका, आलात काय?" नितेश हेडफोनमधून विचारायचा. "आम्ही राजापुरात वडे खाऊन हात पुसले."

सगळे हसायचे. काकाही हसायचे, पण ते नुसते दाखवायला. ज्या माणसाने उभ्या नोकरीत स्टँडवरून गाडी उशिरा काढली नाही, ज्याची गाडी दिसली की पालीचे दुकानदार घड्याळ लावून घ्यायचे, त्याला आता पोरं 'उशिराची गाडी' म्हणत होती. हे दुःख सांगणार कुणाला? काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग टीव्ही बघा."

आणि एका गुरुवारी नितेशचा फोन आला. "काका, ह्या रविवारी आपल्या ग्रुपचा वाढदिवस. सगळ्यांनी ठरवलंय, पहिली गाडी तुमची. तुम्ही पुढे, आम्ही सगळे रांगेत तुमच्या मागे."

काका खुर्चीवरून उठूनच उभे राहिले.

"पण काका, पाच म्हणजे पाच हां. तुम्ही नसलात तर अजिंक्य पुढे जाईल."

अजिंक्य म्हणजे डोंबिवलीचा. हा वळणावर ओव्हरटेक करतो, घाटात न्यूट्रलवर गाडी सोडतो आणि वर हॉर्नवर गाणी वाजवतो. त्याच्या मागून राजापूरला जायचं? त्यापेक्षा काका चालत गेले असते!

दुसऱ्याच दिवशी काका-काकू मारुती मंदिराजवळ मृणालीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. मृणाली विनीतच्या वर्गातली, जिभेने तिखट आणि कामाला चोख. तिने पेटीचे फोटो मोबाईलवर मोठे करून पाहिले आणि निदान केलं.

"काका, तुमची जुनी डिस्क आत गरागरा फिरते आणि शोधत बसते. ही घ्या. एनव्हीएमई एसएसडी. हिच्यात फिरणारं काहीच नाही. थेट मदरबोर्डवर बसते."

तिने हातावर ठेवली ती वस्तू आंबापोळीच्या तुकड्याएवढी होती. काकांनी उलटसुलट करून पाहिली.

"एवढीशी? आणि बाकीची कुठेय?"

"एवढीच असते."

"हिला बसायला आत जागा आहे काय पण?"

"आहे ना, ही बघा. रिकामीच आहे. रिझर्व्ह सीट."

काका खूश. एसटीची भाषा बरोबर जुळली होती. अडचण एकच होती. मृणालीच्या बहिणीचं पावसला लग्न, रविवारी हळद. "मी लग्न उरकून मंगळवारी येऊन लावून देत्ये," ती म्हणाली.

"मंगळवारी लावून काय तिची आरती करू?"

"मग तुम्हीच लावा. सोप्पंय ओ. तिरकी सरकवायची, आडवी दाबायची, एक स्क्रू. मग जुन्यातलं सगळं हिच्यावर कॉपी करायचं, ते मी लिंक पाठवत्ये. फक्त हा वरचा स्टिकर आहे ना, त्याला काही करू नका. फाटला, खराब झाला, तर वॉरंटी गेली."

काकांनी तिरकं, आडवं आणि स्क्रू एवढं लक्षात ठेवलं. विमलाकाकूंनी स्टिकर लक्षात ठेवला. पुढचं सगळं रामायण ह्या वाटणीतून झालं.

रविवारी सकाळी आंघोळ करून काकांनी पेटी पाटावर घेतली. प्लग काढला, काच उतरवली, आतली धूळ फुंकली. आता नवी वस्तू घरात लावायची म्हणजे गाऱ्हाणं आलंच. नव्या बसची पहिली फेरी असो की घरातला मिक्सर, गावच्या देवाच्या कानावर घातल्याशिवाय काका कशालाच हात लावत नाहीत. काकूंनी हळदकुंकवाचा करंडा आणला, देव्हाऱ्यातली घंटी आणली, नारळ ठेवला. काका हात जोडून उभे राहिले.

"हे देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकराने घरात नवी डिस्क आणलेली आहे. जुन्या डिस्कीने जो काय आळस केला असेल, जी काय घरघर केली असेल, ती बारा वाटेने बाहेर काढ रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" काकूंनी साथ दिली.

"हिच्यावर लाईटीची, वायरीची, व्हायरसची जी काय इडापिडा असेल ती दूर कर. आणि पाचच्या गाडीला मला पुढे उभा कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा! आणि कामाधामाची बुद्धी दे रे म्हाराजा!"

"ते कशाला मध्ये?"

"आलेच आहेत देव, तर सांगून घेतलं."

घंटी वाजली, नारळ फुटला, काकूंनी डिस्क डब्यातून काढून तिला ओल्या बोटाने हळदकुंकू लावलं. काकांनी प्रसन्न मनाने ते पाहिलं. स्टिअरिंगला, काचेला, इंजिनाला आयुष्यभर हळदकुंकू लागलेलं. गाडी त्यामुळे कधी अडली नाही. मग त्यांनी ती तिरकी सरकवली, आडवी दाबली आणि जीव मुठीत धरून स्क्रू आवळला. काच लावली, प्लग लावला, बटण दाबलं.

पडद्यावर जुनी डिस्क दिसली. नवीचा पत्ता नाही.

काकांनी पुन्हा काढली, पुन्हा घातली. पत्ता नाही. काकूंनी नारळाचं पाणी दिलं, तेवढंच थंड होतं, बाकी काका घामाघूम. कॉपी व्हायला दुपार जाणार, असं मृणालीने बजावलं होतं. आणि इथे दुपार दारात येऊन उभी! डोळ्यांसमोर अजिंक्य पहिल्या बसमध्ये बसून हॉर्नवर गाणं वाजवताना दिसायला लागला.

"देवाला काय कमी पडलं गो?" काका हताश होऊन म्हणाले.

"देवाला नका बोल लावू. पोरीला फोन लावा."

व्हिडिओ कॉल लागला. समोर मृणाली, कपाळापासून हनुवटीपर्यंत पिवळीधमक. मागे बायकांचा कल्ला.

"बोला काका! मोठ्याने बोला!"

"दिसत नाहीये गो ती!"

"कोण? नवरी?"

"डिस्क!"

"काढा बघू बाहेर. कॅमेऱ्यासमोर धरा. कडेची ती सोनेरी पट्टी दाखवा... पिवळं दिसतंय सगळं. थांबा, माझ्याच फोनला हळद लागल्येय." तिने पदराने फोन पुसला. "आता धरा. अजून पिवळंच आहे!" तिने पुन्हा पुसला. मग अचानक तिचे हात थांबले. "काका, खरं सांगा. तिला हळद लावलीत?"

काका काकूंकडे बघायला लागले. काकू जराही डगमगल्या नाहीत.

"नुसती हळद नाही काय, कुंकू पण लावलंय."

"काकू!"

"तूच म्हणालीस ना, नावाच्या कागदाला बोट लावू नका, गॅरंटी जाईल? मग मी लावू कुठे? ही सोनेरी कड बघितली, म्हटलं हेच तिचं कपाळ."

"अहो काकू, ते तिचे दात आहेत! त्याच्यानेच ती आत चावून धरते!"

मागून एक म्हातारी डोकावली. "तिकडे कुणाची हळद आहे गो?"

"डिस्कची, आजी."

"कुठच्या गावची?"

मृणालीला हसू आवरेना. मग ती एकदम डॉक्टर झाली. "पाणी लावू नका. साधा खोडरबर आहे घरात? हलक्या हाताने ते सोनेरी दात घासा. आणि आत जिथे घालताय ना, तिथे प्लग काढूनच, कोरा सुका ब्रश फिरवा."

खोडरबर काकूंचाच होता. रोज पेपरातलं शब्दकोडं त्या पेन्सिलीने सोडवतात, कारण उत्तरं चुकतात हे शेजारच्या गंगुबाईंना कळू द्यायचं नसतं. ते काम आता बाजूला. काकू स्वतः चष्मा लावून बसल्या आणि बाळाच्या डोळ्यांतली चिपडं काढावीत तशी त्यांनी डिस्क साफ केली. काकांनी खाचेत ब्रश फिरवला. तिरकी, आडवी, स्क्रू. बटण.

दोन नावं दिसली! जुनी आणि खाली नवी!

"आली गो, आली!" काका असे ओरडले की गंगुबाई पाहुणे आले समजून कुंपणावरून बघायला लागल्या.

कॉपी सुरू झाली. काकांनी जेवणाचं ताट मांडीवर घेऊन टक्के पाहिले. वामकुक्षी रद्द. टक्के पुढे सरकत होते आणि मागे भिंतीवरचं घड्याळही सरकत होतं, दोघांची शर्यत. मध्येच काका उठून आत गेले आणि आले ते कडक इस्त्रीचा खाकी शर्ट घालून.

"अहो, तिथे तुम्हाला कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

कॉपी संपली. फोनवरून मृणालीने, आता आंघोळ करून माणसात आलेली, कुठचं बटण दाबायचं ते सांगितलं, आणि कॉम्प्युटर नव्या डिस्कवरून सुरू झाला. घरघर नाही, टक नाही. काकांनी गेम उघडला. सवयीने काकू चहाचं भांडं घेऊन गॅसकडे वळल्या.

निळी पट्टी आली आणि गेली. काका अजून चष्मा सारखा करत होते.

"विमल! स्टँड आलं!"

"मेलं, मी अजून गॅस पेटवला नाही!" काकू भांडं हातात घेऊनच धावत आल्या.

पडद्यावर रत्नागिरी स्टँड लखलखत होतं. काकांनी आजवर ते नीट पाहिलंच नव्हतं. फलाट होते, पाट्या होत्या, उसाच्या रसाचं गाडंही होतं. काकांची लाल बस सगळ्यात पुढे उभी. मग एकेक गाडी येऊन मागे लागायला लागली.

"कोण? काका?" नितेशचा आवाज चिरकला. "तुम्ही? स्टँडवर?"

"या, या, नितेशशेठ. वाटेत काही खोळंबा झाला काय?"

अजिंक्य सगळ्यात शेवटी आला, तेव्हा काकांनी त्याला मायेने विचारलं, "वडे खाऊन आलास काय रे?" इतक्या रविवारांचं साचलेलं सगळं त्या एका वाक्यात निघालं.

पाच झाले.

"काका, सोडा!"

काकांनी गिअर टाकला. पाय क्लचवर होता, पण तो उचलेना.

"काका, पाच झाले! काय झालं, पुन्हा अडकला काय कॉम्प्युटर?"

"कॉम्प्युटर चोख आहे रे. घंटी."

"कसली घंटी?"

"डबल घंटी झाल्याशिवाय स्टँडवरून गाडी हलत नाही."

आजवर लोकांच्या मागे धावताना काकांना घंटी आठवायला सवड कुठे होती? आज पहिल्यांदा ते वेळेवर उभे होते, आणि इतक्या वर्षांचा पाय घंटीशिवाय उठायला तयार नव्हता.

"काका, गेममध्ये कंडक्टर नाहीये ओ!"

"ते मला नको सांगू."

"मी निघू काय पुढे?" अजिंक्यने संधी साधली आणि हॉर्नवर गाण्याची पहिली ओळ वाजली.

ती ओळ स्वयंपाकघरापर्यंत पोचली. चहा गाळत असलेल्या विमलाकाकूंनी गाळणं तसंच टाकलं. पाटावर सकाळची देवाची घंटी होती, कुंकवाची बोटं अजून तिच्यावर. काकूंनी ती उचलली आणि काकांच्या मागे उभं राहून ठणठणीत वाजवली.

टिंग टिंग!

काकांचा पाय आपोआप सुटला. लाल बस फलाटावरून हलली, तिच्यामागे एक, तिच्यामागे दुसरी, शेवटी गप्प झालेला अजिंक्य. पाचची गाडी पाचला सुटली.

"हां," काकू मागून म्हणाल्या, "आता लांज्याला जरा थांबवा. चहा तसाच राहिलाय तुमचा."